अपस्माराच्या गोळ्या उघडपणे घेता याव्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१७ नोव्हेंबरचा राष्ट्रीय अपस्मार दिन जवळ आला की आपल्या व इतर वृत्तपत्रांतून मेंदूविकारतज्ज्ञांचे लेख प्रसिद्ध होतात आणि ते उपयुक्तही असतात. मात्र निदान झाल्यानंतर रुग्णाच्या घरात पुढे काय घडते, याविषयी त्यांत फारसे वाचायला मिळत नाही. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी अनेक वर्षे औषधांचे दुकान चालवीत आहे. अपस्माराचा रुग्ण डॉक्टरांना काही महिन्यांनी एकदा भेटतो. आमच्या दुकानात मात्र त्याच्या घरचे कोणी ना कोणी दर महिन्याला येते. त्यामुळे उपचार कोठे आणि का सुटतात, हे पुष्कळदा आम्हाला आधी कळते. औषध मिळाले नाही म्हणून ते सुटलेले मी पाहिले आहेत, परंतु त्याहून कितीतरी अधिक वेळा आजार लपवण्याच्या धडपडीत सुटलेले पाहिले आहेत, आणि त्याविषयी लिहावे म्हणून हे पत्र.

अपस्माराच्या, म्हणजे लोक ज्याला फिट, आकडी किंवा मिरगी म्हणतात त्या आजाराच्या, गोळ्या घेण्यासाठी स्वतःच्या गावातले दुकान टाळून दूरवरून येणारी माणसे आमच्याकडे कमी नाहीत. दुकानात गर्दी असेल तर ती ओसरेपर्यंत माणूस बाजूला उभा राहतो आणि मग खिशातली चिठ्ठी हळूच पुढे करतो. कित्येक जण गोळ्या पट्टीतून काढून साध्या डबीत घालून द्यायला सांगतात, कारण घरातील दुसऱ्या कोणाच्या, विशेषतः सासरच्या माणसांच्या, हाती पट्टी लागली आणि त्यांनी मोबाइलवर नाव शोधले, तर आजार उघड होईल. ही विनंती मला मान्य करता येत नाही. सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या गोळ्या हवेतील ओलावा शोषून खराब होतात. शिवाय दोन वेगळ्या ताकदीच्या गोळ्या एकाच डबीत गेल्या की मात्रा चुकते आणि मुदत कधी संपते हे कोणालाच कळत नाही. पण नकार देताना समोरच्या माणसाची भीती निराधार नाही, हेही मला ठाऊक असते.

ज्या आजाराची एवढी भीती बाळगली जाते, त्याचे स्वरूप मुळात समजून घेतले पाहिजे. मेंदूतील पेशींचे परस्परांतील काम अतिशय सूक्ष्म विद्युतसंदेशांद्वारे चालते. हे संदेश काही काळ अनियंत्रितपणे आणि एकाच वेळी सुटू लागले की फिट येते. हा बिघाड मेंदूच्या एखाद्या भागापुरता राहिला तर केवळ एक हात थरथरेल, माणूस काही क्षण शून्यात पाहत राहील किंवा नकळत ओठ चाटत, कपडे चाचपत राहील. मेंदूच्या दोन्ही बाजूंना तो पसरला तर शुद्ध हरपते, अंग ताठ होऊन झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी कपड्यांतच लघवी होते. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. एकदा फिट आली म्हणजे अपस्मार झाला, असेही नाही. तात्कालिक कारण नसताना किमान चोवीस तासांच्या अंतराने दोनदा फिट आली, किंवा एकदाच येऊनही ती पुन्हा येण्याची शक्यता तपासण्यांत बरीच दिसली, तर डॉक्टर अपस्माराचे निदान करतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात येणारे झटके हा बहुतांश मुलांच्या बाबतीत अपस्मार नसतो. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने वा श्वासाने पसरत नाही, तो वेडाचा प्रकार नाही, आणि बहुसंख्य रुग्णांची बुद्धी इतर कोणाहीसारखीच असते.

कारणे अनेक आहेत: जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार लागणे, मेंदूज्वर, पक्षाघात, मेंदूतील गाठ, काही प्रकारांत आनुवंशिकता, आणि पुष्कळ रुग्णांत कारण सापडतच नाही. आपल्या देशात आणखी एक कारण महत्त्वाचे आहे व ते टाळता येण्याजोगे आहे. डुकराच्या मांसातून होणाऱ्या टेपवर्म या आतड्यातील जंताची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून माती, पाणी आणि कच्च्या भाजीपर्यंत पोहोचतात, तेथून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. संपूर्ण शाकाहारी घरातही हा आजार होतो, तो या मार्गाने. स्वच्छतागृहाचा वापर, हात धुणे आणि कोथिंबीर-काकडी स्वच्छ पाण्यात धुऊन खाणे यांचा अपस्माराशी असा थेट संबंध आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि त्यांपैकी जवळपास ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व उपचार झाले तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात, असे हीच संघटना सांगते. औषधेही नवी किंवा दुर्मीळ नाहीत. फिनोबार्बिटॉन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून अपस्मारावर वापरात आहे. कार्बामॅझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम, क्लोबाझाम ही औषधे आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही ज्यांच्या फिट थांबत नाहीत, अशा साधारण एक-तृतीयांश रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेचा तर काही बालकांना कीटोजेनिक, म्हणजे स्निग्ध पदार्थ भरपूर आणि पिष्टमय पदार्थ अगदी कमी असलेल्या, आहाराचा चांगला उपयोग होतो. म्हणजे मार्ग आहेत. तरीही माणसे त्यांवरून मागे फिरतात, आणि ती बहुधा दोन वेळी फिरतात.

पहिली वेळ फिट थांबल्याची. सहा महिने, वर्षभर काही झाले नाही की घरच्यांना वाटते, आता बरे झाले, गोळ्यांची सवय कशाला लावायची? वास्तविक फिट थांबली ती गोळ्यांमुळे. सामान्यतः किमान दोन वर्षे फिटविना गेल्यानंतरच औषध कमी करण्याचा विचार होतो, आणि तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही महिन्यांच्या अवधीत हळूहळू. औषध एकदम बंद केले तर एकामागून एक फिट येत राहण्याची आणि जिवावर बेतण्याची शक्यता असते. नवरात्रात किंवा रमजानमध्ये जेवणाबरोबर गोळीही सोडणारे लोक आहेत. त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घ्याव्यात. आमच्या जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मार्गाने ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जाते. वारीला निघालेला माणूस गोळ्या घरी ठेवून येतो, दिवसभर चालतो, रात्री भजनाला जागतो आणि मग त्याला फिट येते. चुकलेली गोळी आणि अपुरी झोप ही फिट येण्याची अगदी नेहमीची कारणे आहेत. वारीला जाण्यास हरकत कोणाचीच नसते. गोळ्या पिशवीत असाव्यात आणि बरोबरच्या एका तरी वारकऱ्याला आजार माहीत असावा, इतकेच पुरेसे आहे.

दुसरी वेळ लग्नाची, आणि तिच्याविषयी लिहिताना मला अधिक त्रास होतो. आमच्याकडून नियमित औषध नेणाऱ्या एका कुटुंबाने मुलीचा साखरपुडा झाल्यावर गोळ्या नेणे बंद केले. एकाच औषधावर तिच्या फिट कित्येक वर्षे पूर्णपणे थांबलेल्या होत्या. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून त्या आधीपासूनच बंद कराव्यात, असे घरातल्या मोठ्यांनी ठरवले. हळद, जागरणे, दगदग आणि औषध बंद, हे सगळे एकत्र आल्यावर जे व्हायचे ते झाले: लग्नानंतर काही दिवसांतच सासरी फिट आली, फसवणूक झाल्याचा आरोप झाला आणि मुलगी माहेरी परत आली. आई-वडिलांना मुलीचे वाईट करायचे नव्हते. आजार सांगितला असता तर स्थळ गेले असते, असे ते म्हणतात, आणि आपल्याकडची परिस्थिती पाहता ते म्हणणे खोटे ठरवणे कठीण आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्या रुग्णाच्या घराने सोडवावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. ज्यांच्या घरी हा आजार नाही, त्यांनी स्थळ पाहताना कसे वागायचे, यावर तो अधिक अवलंबून आहे.

कायदा तर समाजाच्या पुढे गेलेला आहे. हिंदू विवाह कायद्यात एके काळी वारंवार येणारी फिट ही विवाहाच्या पात्रतेच्या आड येणारी बाब मानली जात होती; १९९९ च्या दुरुस्तीने अपस्माराचा तो उल्लेख काढून टाकण्यात आला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, अपस्मार हा असाध्य आजार नाही व मानसिक विकारही नाही, त्यामुळे तो घटस्फोटाचे कारण होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. हे निर्णय गावोगावच्या वधू-वर मेळाव्यांत आणि जातींच्या सभांमध्ये वाचून दाखवायला हवेत. मात्र कायद्याचा आधार आहे म्हणून आजार लपवावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. लग्नाआधी दोन्ही घरांनी एकत्र बसून, शक्य झाल्यास डॉक्टरांसमोर, स्पष्ट बोलावे. पुण्यातील संवेदना फाउंडेशनसारखे स्वमदत गट रुग्ण व कुटुंबीय यांना एकत्र आणतात; ज्यांच्या घरी हे प्रश्न सुटले आहेत त्यांच्याकडून ते ऐकण्याचे मोल तज्ज्ञाच्या सल्ल्याहून वेगळे असते.

स्त्रियांच्या बाबतीत लपवण्याचे दुष्परिणाम आणखी गंभीर होतात. व्हॅल्प्रोएट गर्भावस्थेत घेतल्यास बाळात व्यंग येण्याचा व त्याच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होण्याचा धोका इतर औषधांपेक्षा बराच अधिक असतो, म्हणून मूल हवे असेल तर दिवस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून औषध बदलण्याचा निर्णय घ्यावा लागतो आणि फॉलिक ॲसिड सुरू करावे लागते. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटॉन यांच्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हेही सांगावे लागते. ज्या स्त्रीच्या नवऱ्यालाच तिची औषधे माहीत नाहीत, तिने हा सल्ला कोणाबरोबर बसून घ्यायचा? दिवस गेल्याचे कळताच घाबरून औषध एकदम बंद करणे हा आई आणि बाळ दोघांसाठीही मोठा धोका आहे. अपस्मार असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना निरोगी मुले होतात. त्यासाठी आधी नियोजन लागते, आणि नियोजनासाठी घरात उघड बोलता आले पाहिजे.

आता रस्त्यात किंवा बसस्थानकावर कोणाला फिट आली तर जे घडते त्याविषयी. लोक धावून येतात, ही आपल्या समाजाची चांगली बाजू आहे. पण कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो आणि कोणी दातखीळ उघडायला तोंडात चमचा घालतो. यांपैकी कशानेही फिट थांबत नाही. ती दोन-तीन मिनिटांत स्वतःच थांबणार असते, आणि तोवर नाकाशी कांदा आलेला असतो, म्हणून श्रेय कांद्याला जाते. तोंडात काही घातल्याने दात तुटतात, श्वास अडकतो. माणसाला आजूबाजूच्या टोकदार वस्तूंपासून दूर ठेवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, झटके दाबून धरू नयेत, आणि झटके ओसरताच त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ बाहेर येईल व श्वास मोकळा राहील. घड्याळ पाहावे. फिट पाच मिनिटांहून अधिक लांबली, शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, इजा झाली, ती पाण्यात आली, किंवा ती व्यक्ती गरोदर असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. ज्यांच्या फिट लांबतात त्यांच्यासाठी नाकात फवारायचे मिडाझोलाम डॉक्टर लिहून देतात. ते कसे वापरायचे, हे घरातील किमान दोघांना शिकवून ठेवावे. आणि त्या माणसाभोवती मोबाइल घेऊन चित्रीकरण करणाऱ्यांना थांबवावे, एवढी विनंती मी प्रत्येक वाचकाला करतो. शुद्धीवर आल्यावर त्याला सर्वांत जास्त लाज कशाची वाटत असेल, हे थोडा विचार केला तर कोणालाही समजेल.

कांद्याला जसे श्रेय मिळते, तसेच ते देवर्षी आणि भगतांना मिळते. अपस्मारात दोन फिटांमध्ये कधी आठवडे, कधी महिने जातात. त्या मधल्या काळात बांधलेला गंडा प्रभावी ठरल्यासारखा वाटतो आणि पुढची फिट आली की रुग्णाने पथ्य नीट पाळले नाही, असा दोष दिला जातो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडाने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे हे त्यात गुन्हे ठरवले आहेत. या सगळ्या प्रकारांना आजवर जे बळी पडत आले, त्यांत अपस्माराचे रुग्ण होते व आहेत. कोणी देवाला नवस बोलत असेल, मंदिरात किंवा दर्ग्यात जात असेल, तर त्याला मी अडवत नाही. जाताना गोळी घेऊन जा, एवढेच सांगतो.

शाळेत एक वेगळीच गोष्ट घडते. काही मुलांना असा अपस्मार असतो की ती दिवसातून अनेकदा, काही सेकंद, डोळे उघडे ठेवून हरवतात आणि पुन्हा भानावर येतात. ना झटके, ना पडणे. अशा मुलाला ‘लक्ष नाही’ म्हणून शिक्षा होते आणि निदानाला वर्षे लागतात. याउलट ज्याची फिट दिसते, त्याला घरी बसवले जाते. शिक्षकांच्या प्रशिक्षणात या विषयाला एक तास दिला, तरी दोन्ही प्रकारच्या मुलांचे शिक्षण वाचेल.

उघडपणे बोलावे म्हणताना धोके नाकारावेत, असे मला म्हणायचे नाही. फिट नियंत्रणात नसताना एकट्याने विहिरीवर किंवा नदीवर जाऊ नये, न्हाणीघराला आतून कडी लावू नये, चुलीपाशी एकटे बसू नये. चूल आणि विहीर यांनी आपल्या खेड्यांत कितीतरी रुग्णांचे, विशेषतः बायकांचे, नुकसान केले आहे. वाहन परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी थेट प्रश्न असतो. त्याचे खोटे उत्तर देऊन गाडी चालवणारा स्वतःचा आणि इतरांचाही जीव धोक्यात घालतो. पण शेती, दुकान, शिक्षण, कार्यालयीन काम, कला, खेळ यांपैकी बहुतेक गोष्टी योग्य काळजी घेऊन करता येतात. दक्षिण आफ्रिकेचा जॉन्टी ऱ्होड्स, ज्याच्या क्षेत्ररक्षणाचे आपल्याकडील क्रिकेटप्रेमी आजही कौतुक करतात आणि ज्याने पुढे मुंबई इंडियन्सच्या खेळाडूंना क्षेत्ररक्षण शिकवले, त्यालाही अपस्मार आहे आणि त्याने तो जगापासून लपवलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य सभेने, मे २०२२ मध्ये अपस्मार व इतर मेंदूविकारांसाठी २०३१ पर्यंतची कृतियोजना स्वीकारली. तोवर ९० टक्के रुग्णांना आपला आजार हा उपचार करता येण्याजोगा मेंदूचा आजार आहे हे माहीत असावे, ८० टक्क्यांना परवडणारी व सुरक्षित औषधे मिळावीत आणि उपचार घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या फिट आटोक्यात याव्यात, असे त्यातील उद्दिष्ट आहे. या तिन्हींत पहिली आणि सर्वांत मोठी अपेक्षा माहितीची ठेवलेली आहे, हे माझ्यासारख्या औषधे विकणाऱ्यालाही योग्य वाटते. राज्य शासनाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत निदान दोन-तीन मूलभूत औषधांचा साठा बारा महिने खंड न पडता ठेवावा. कारण रक्तदाबाच्या गोळीचा एक दिवस चुकणे आणि अपस्माराच्या गोळीचा चुकणे यांच्या परिणामांत फरक आहे. आशा सेविकांना रक्तदाब व मधुमेहाबरोबर फिटविषयीही घरोघरी विचारायला सांगावे.

एक मागणी आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे, आहे. ‘मिरगीवर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती आजही छापून येतात, भिंतींवर रंगवल्या जातात आणि आता मोबाइलवरही फिरतात. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या अनुसूचीत ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत अपस्मार आणि फिट या दोहोंचा स्पष्ट समावेश आहे. अशा ‘जडीबुटी’च्या काही पुड्यांमध्ये तपासणीत फिनोबार्बिटॉनच मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आपल्या देशात नोंदली गेली आहेत; म्हणजे रुग्ण तेच औषध, मात्रा माहीत नसताना, कितीतरी अधिक पैसे देऊन घेत राहतो आणि पुडी संपली की एकाएकी बंद करतो. आपल्या वृत्तपत्राने, त्याच्या जिल्हा आवृत्त्यांनी आणि छोट्या जाहिरातींच्या रकान्यांनी अशी एकही जाहिरात स्वीकारू नये, तसे वाचकांना जाहीरपणे कळवावे, आणि १७ नोव्हेंबरच्या अंकात त्या जागी फिट आल्यावर काय करावे याची चौकट छापावी. ती कापून दुकानाच्या दर्शनी भागावर लावण्याची जबाबदारी मी घेतो, आणि तालुक्यातील इतर औषधविक्रेत्यांनाही तसे करण्याची विनंती करीन.

आपला विश्वासू,
एक औषधविक्रेता, जि. सातारा